चार्जिंगला लावा, नि निवांत थांबा!

मागे गादी, छोटासा ओटा, फ्रीज असलेली व्हॅन, मित्रांची गँग आणि कोकणचा रस्ता! 'व्हॅनलाइफ'ची रील्स बघून हा प्लॅन ग्रुपवर एकदा तरी शिजतोच. पण उद्या डिझेल गेलं, तर हे चाकांवरचं घर कशावर पळणार?

विजेवर पळेल, पण कमी पळेल. अमेरिकेतल्या विनेबागो कंपनीने २०२३ मध्ये दाखवलेल्या प्रायोगिक इलेक्ट्रिक कॅम्परची रेंज होती सुमारे १७४ किलोमीटर. आपलं मुंबई-रत्नागिरी अंतरच सव्वातीनशेच्या वर! त्यात घाट चढताना बॅटरी झरझर उतरते; उतारावर थोडी परत मिळते, सगळी नाही. छतावरच्या सोलरवर दिवे, पंखा, फ्रीज चालेल, गाडी नाही.

मग बेत रद्द? अजिबात नाही! कॅराव्हॅन असते ती थांबत थांबत जायलाच. रात्रीचा मुक्काम हाच चार्जिंगचा वेळ. शिवाय एसीसाठी जनरेटर धडधडणार नाही. समुद्राची गाज ऐकू येईल.

खरा प्रश्न मुक्कामाच्या जागेचा. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कही आहेत. तिथली वीज दिव्या-पंख्यांपुरती नको. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर एवढी मोठी बॅटरी एका रात्रीत भरत नाही. दमदार चार्जर पहिल्या दिवसापासूनच हवा.

तेव्हा मंडळी, पुढचं बुकिंग करताना 'वायफाय आहे का?' याच्या आधी 'चार्जिंग आहे का?' विचारा. विचारणारे वाढले, की सोयही होते!