ओसरीवरच्या गोष्टी : जुना खेळ सोडून नव्यांत जावें काय?

ह्या सदरांत आजवर आम्ही मुलांचें पाठांतर, घरांतील वाटण्या, वृद्धांचा रिकामा वेळ अशा विषयांवर यथामति लिहीत आलों. आजचा विषय ऐकून कित्येक वडीलधारे वाचक कपाळास आंठ्या घालतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु जो प्रश्न घरांतील एका कर्त्या तरुणास तीन महिने स्वस्थ झोंपूं देत नाहीं, तो क्षुद्र म्हणून झिडकारणें शहाण्या कुटुंबास शोभत नाहीं.

आमचा पुतण्या पुण्यास संगणकाच्या एका कचेरींत नोकरीस आहे व आमच्याच एकत्र घरांत राहतो. कॉलेजांत असल्यापासून, म्हणजे २०१४ सालापासून, तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नांवाचा खेळ खेळत आला आहे. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, “काका, हा खेळ सोडून ‘फायनल फँटसी चौदा’ ह्या खेळांत जावें असें मनांत आहे, पण ठरत नाहीं. तुम्हीं जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या. ह्या दोहोंसही गुण देऊन दाखवा.” आम्ही हंसलों, पण नकार दिला नाहीं. पुढें सव्वा महिना आम्ही त्याच्या खुर्चीशेजारीं बसून दोन्ही खेळ पाहिले, वेडेवांकडे प्रश्न विचारले आणि वहींत टिपणें केलीं. ज्यांच्या घरीं असाच प्रश्न उभा असेल त्यांच्या उपयोगास पडतील म्हणून तीं येथें देतों.

प्रथम हे खेळ आहेत तरी काय? दोहोंतही हजारों माणसें इंटरनेटच्या द्वारें एकाच कल्पित जगांत वावरतात. प्रत्येकानें एकेक सोंग घेतलेलें असतें. संकटाच्या स्थळीं, ज्यास हे लोक ‘डंजन’ म्हणतात, टोळी करून जावें लागतें. टोळींत एक जण पुढें उभा राहून घाव अंगावर घेतो, एक जण सर्वांच्या जखमा भरतो आणि बाकीचे प्रहार करितात. वॉरक्राफ्टांत अशी टोळी पांचांची असते, फायनल फँटसींत चौघांची. म्हणून घरांतील वडील मंडळींस एक विनंति : खेळ चालला असतां “आतांच्या आतां ऊठ” असें म्हणूं नये. तें भरल्या पंगतींतून एकास हात धरून उठविण्यासारखें आहे. मागें राहिलेल्यांचा घांस अडतो. बसण्यापूर्वीं वेळ ठरवून घ्यावी, हेंच योग्य.

आतां तुलनेकडे वळूं. वॉरक्राफ्ट हा कॅलिफोर्नियांतील ब्लिझर्ड कंपनीचा खेळ २३ नोव्हेंबर २००४ रोजीं निघाला. २०१० सालीं त्याचे वर्गणीदार एक कोटी वीस लक्षांवर गेले होते. फायनल फँटसी चौदा हा जपानांतील स्क्वेअर एनिक्स कंपनीचा. दोहोंतील पहिला भेद अभ्यासक्रमाचा आहे. वॉरक्राफ्टांत दर दोनतीन वर्षांनीं नवें प्रकरण जोडलें जातें आणि सारी शाळा त्या प्रकरणाकडे धांवते. नवा विद्यार्थी मागील बहुतेक प्रकरणांस हात न लावतांही थोडक्या दिवसांत शेवटच्या वर्गांत जाऊन बसतो. दुसऱ्या खेळाची रीत जुन्या पाठशाळेची. तेथें पहिल्या ग्रंथापासून क्रमानें यावें लागतें. २०१३ सालची मूळ कथा, मग २०१५ चें ‘हेवन्सवर्ड’, २०१७ चें ‘स्टॉर्मब्लड’, २०१९ चें ‘शॅडोब्रिंगर्स’, २०२१ चें ‘एंडवॉकर’ आणि २०२४ चें ‘डॉनट्रेल’, असा हा क्रम आहे. निराळे पैसे भरून मधले ग्रंथ ओलांडतां येतात. पण ज्यास कथा नको त्यानें ह्या खेळांत जावेंच कशाला, असें आम्हांस वाटतें. ह्या कथेंत वाचावयाचें पुष्कळ आहे आणि आरंभींचा भाग संथ आहे. धीर नसणाऱ्यास तो कंटाळवाणा वाटेल. कादंबरीच्या वाचकास गोड लागेल.

दुसरा भेद विद्येचा. वॉरक्राफ्टांत तेरा वर्ग आहेत आणि एका पात्रास एकच वर्ग. योद्ध्यास मांत्रिक व्हावयाचें असेल तर दुसरें पात्र निर्माण करावें लागतें. फायनल फँटसींत एकच पात्र वीसांहून अधिक युद्धविद्या, शिवाय सुतारकी, स्वयंपाक, मासेमारी असे अकरा व्यवसाय शिकूं शकतें. हातांतील आयुध बदललें कीं विद्या बदलली.

तिसरा भेद गतीचा. वॉरक्राफ्टांत एका मुख्य कृतीनंतर सामान्यतः दीड सेकंदानें दुसरी करितां येते; फायनल फँटसींत अडीच सेकंदांनीं. वृद्ध बोटांस हा संथपणा बरा वाटावा. तथापि वरच्या इयत्तांत त्या अडीच सेकंदांच्या मधोमध लहान कृति गुंफाव्या लागतात, आणि सर्व्हर दूर असला कीं त्या वेळेवर पोंचत नाहींत. दोहोंपैकीं एकाही खेळाचा सर्व्हर हिंदुस्थानांत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

चौथा भेद सोबतीच्या रीतीचा. वॉरक्राफ्टांत २०१६ पासून घड्याळ लावून डंजन सर करण्याची चाल आहे. वेळ चुकला किंवा एक जण निघून गेला कीं सर्वांचें नुकसान होतें. म्हणून तेथें चुकीस क्षमा कमी. फायनल फँटसींत मोहीम संपल्यावर सोबत्यांपैकीं एकाच्या नांवें शाबासकी देतां येते. शिवाय ठराविक वाक्यें एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत आपोआप उमटण्याची सोय असल्यानें, इंग्रजी न जाणणाऱ्या जपानी माणसासही नमस्कार पोंचतो. पण सौजन्य खेळाच्या नियमांत असतें त्याहून अधिक माणसांत असतें. दोन्हीकडे सज्जन आहेत आणि दोन्हीकडे उर्मट आहेत, असेंच आमच्या वहींत टिपलें आहे.

पांचवा भेद खर्चाचा. महिन्याची नेहमीची वर्गणी अमेरिकेंत दोहोंची सारखीच, म्हणजे सुमारें पंधरा डॉलर. वॉरक्राफ्ट विसाव्या पायरीपर्यंत विनामूल्य पाहतां येतो. फायनल फँटसीची उदारता मोठी : ऑक्टोबर २०२३ पासून मूळ कथा व पुढील दोन ग्रंथ, सत्तराव्या पायरीपर्यंत, मुदतीचें बंधन न घालतां विनामूल्य खुले झाले. मात्र विनामूल्य खेळणाऱ्यास तेथील मंडळांत, ज्यास ‘फ्री कंपनी’ म्हणतात, प्रवेश नाहीं आणि बाजारांत खरेदी-विक्री नाहीं. तरीही आठवडेच्या आठवडे पैशाशिवाय परीक्षा होऊं शकते. तेव्हां वर्गणी भरण्याची घाई करूं नये. तसेंच, वॉरक्राफ्टची वर्गणी थांबविली तरी आपलें पात्र नष्ट होत नाहीं. वर्षांनीं परत आलें तरी तें जागच्या जागीं सांपडतें. फायनल फँटसींत पात्र राहतें, परंतु तेथें घेतलेल्या घरांत पंचेचाळीस दिवस पाऊल टाकलें नाहीं तर तें घर पाडलें जातें. नवें घर घेण्यापूर्वीं एवढें ठाऊक असावें.

ह्या दुसऱ्या खेळाचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. ३० सप्टेंबर २०१० रोजीं तो प्रथम निघाला तेव्हां सपशेल फसला. कंपनीनें जाहीर क्षमा मागितली आणि डिसेंबरांत नाओकी योशिदा ह्यांच्या हातीं कारभार सोंपविला. त्यांनीं जुना खेळ चालू ठेवून, किंबहुना सुधारीत, मागें नवा उभारला. नोव्हेंबर २०१२ मध्यें जुनें जग बंद झालें तें आकाशांतील एक चंद्र त्यावर कोसळून. आणि ऑगस्ट २०१३ मध्यें जें नवें जग उघडलें त्याच्या कथेंत त्या उत्पाताची आठवण जागोजाग ठेविली. जुन्या खेळाडूंस निरोप देऊन, मग नवें दार उघडलें. पुढें २०२१ सालीं वॉरक्राफ्ट सोडून पुष्कळ लोक इकडे लोटले. त्या डिसेंबरांत दारापाशीं इतकी दाटी झाली कीं कंपनीनें नव्या विक्रीसच कांहीं आठवडे बंदी केली आणि वर्गणीदारांस विनामूल्य दिवस दिले. सारांश, आमचा पुतण्या ह्या वाटेचा पहिला प्रवासी नव्हे.

एवढीं टिपणें झाल्यावर आम्हीं त्यास विचारलें, “तुला कथा हवी आहे काय?” तो म्हणाला, “तशी नाहीं.” “एकाच पात्रानें सर्व विद्या शिकावयाच्या आहेत?” “नाहीं, मला जखमा भरण्याचेंच काम आवडतें.” “मग पैशाचा प्रश्न?” “तोही नाहीं.” तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, आम्ही सव्वा महिना भलतीच पत्रिका तपासीत होतों.

खरी गोष्ट हळूहळू बाहेर आली. त्याचें मंडळ युरोपांतलें. सर्वांत कठीण मोहिमेस नेमकीं वीस माणसें लागतात आणि हीं वीस माणसें आठवड्यांतून तीन रात्री जमतात. तेथील रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यांत आपले साडेबारा, उन्हाळ्यांत साडेअकरा. मुलगा पहाटे तीनपर्यंत जागतो आणि नऊ वाजतां कचेरींत जातो. माघांतल्या एका रात्रीं त्यास डुलकी लागली, उपचार चुकला आणि वीसही जण पडले. मंडळाचा प्रमुख सर्वांदेखत कांहीं बोलला. शब्द फारसे कठोर नव्हते. पण इतक्या वर्षांच्या सोबतींत ते प्रथमच ऐकावे लागले. त्या दिवसापासून ह्याच्या मनांत नवा खेळ आला. त्यानें ठरविलें होतें तें असें कीं, कोणास कांहीं न सांगतां एके दिवशीं जाणेंच बंद करावें.

आम्हीं विचारलें, “नव्या खेळांत कोठें खेळणार?” तो म्हणाला, “युरोपांतच. दोघे ओळखीचे तेथें गेले आहेत.” “म्हणजे जग बदललें, घड्याळ तेंच राहिलें.” तो गप्प बसला. फायनल फँटसीचे सर्व्हर जपानांतही आहेत. तेथील रात्रीचे अकरा म्हणजे आपले साडेसात. तेथें गेल्यास निदान संध्याकाळीं खेळून दहाला निजतां येईल. खेळ बदलण्याचें हें एक कारण आम्हांस वहींतील सर्व भेदांहून वजनदार वाटलें, आणि त्या बिचाऱ्यानें नेमकें त्याचाच विचार केला नव्हता.

राहिला निरोपाचा प्रश्न. येथें आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगणें भाग आहे. तरुणपणीं आम्ही एका खेड्याच्या शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. तालुक्याच्या गांवीं जागा मिळाली, पगार थोडा अधिक. दिवाळीच्या सुटींत आम्ही सामान उचललें आणि निघून गेलों. नववीच्या मुलांचीं शब्दरूपें अर्ध्यावर राहिलीं होतीं. त्यांस सांगण्याचा धीर झाला नाहीं, आणि पत्र लिहूं म्हणतां म्हणतां राहून गेलें. पुष्कळ वर्षांनीं त्या वर्गांतील एक गृहस्थ एका लग्नांत भेटले. वांकून नमस्कार केला आणि म्हणाले, “सर, सुटी संपल्यावर तुम्ही येणार म्हणून आम्ही फळा पुसून, तारीख घालून ठेवली होती. आठ दिवस रोज तारीख बदलीत होतों.” त्यांच्या स्वरांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें वाक्य आम्हांस अधिक लागलें. जागा बदलली ह्याचा आम्हांस आजही पश्चात्ताप नाहीं. न सांगतां गेलों, ह्याचा आहे.

पुतण्यानें हें ऐकून घेतलें आणि कांहीं न बोलतां उठून गेला. दुसऱ्या दिवशीं त्यानें मंडळाच्या प्रमुखास लिहिलें कीं, माझ्या जागीं दुसरा उपचारक मिळेपर्यंत मी येईन. त्यापुढें रात्रीच्या मोहिमांस येणें जमणार नाहीं, कारण आमच्याकडे तेव्हां मध्यरात्र उलटलेली असते. उत्तर आलें तें त्यानें आम्हांस वाचून दाखविलें. प्रमुखानें लिहिलें होतें कीं, इतकीं वर्षें आपण बरोबर खेळलों, पण तुझ्या घड्याळांत किती वाजले असतात हें विचारावयाचें मला कधीं सुचलें नाहीं.

उभयतांचा दोष समान होता : त्यानें विचारलें नाहीं आणि ह्यानें सांगितलें नाहीं. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस ह्या दोषाची ओळख करून देण्याची आवश्यकता नसावी.

आतां दुसरा उपचारक तयार होत आहे. पुतण्यानें फायनल फँटसीची विनामूल्य आवृत्ति जपानी सर्व्हरवर घेतली असून संध्याकाळीं तासभर तो ती कथा वाचतो. आवडेल कीं नाहीं, तें अद्याप ठरलेलें नाहीं. वॉरक्राफ्टांतील त्याचें पात्र आहे तेथेंच आहे, आणि रविवारीं दुपारीं युरोपांतले ते मित्र जमतात तेव्हां हा आपल्या संध्याकाळीं त्यांच्यांत जाऊन बसणार आहे. गेल्या आठवड्यांत त्यानें पुन्हां विचारलें, “काका, गुणांचें काय झालें?” आम्हीं वही पुढें केली. त्यांत शेवटीं एवढेंच लिहिलें होतें : दोन्ही विषय उत्तीर्ण, विद्यार्थ्यानें रात्रीं दहा वाजतां दिवा मालवावा.