प्रोटेस्ट केला, केली की केलं?

'शहाद्यात प्रोटेस्ट झाला' अशी वाक्यं मोबाइलवरच्या बातम्यांत आता सर्रास दिसतात. त्याच मजकुरात चार ओळी खाली 'प्रोटेस्ट केली' असतं, आणि एखादा 'प्रोटेस्ट केलं'ही लिहून मोकळा होतो. शब्दाचं लिंग अजून ठरलेलं नाही, याचं मला वावडं नाही. पाहुणा घरात रुळायला वेळ घेतोच. खटकतं ते त्याच्यामागून येणारं क्रियापद. ते कायम 'करणे', नाहीतर 'होणे'. आपल्याकडे मोर्चा काढतात, घेराव घालतात, ठिय्या मारतात, बहिष्कार टाकतात, उपोषणाला बसतात. धरणे तर धरतातच. धरणग्रस्तांनी धरणे धरले, हे वाक्य आपल्या नंदुरबार जिल्ह्यात कोटी म्हणूनसुद्धा जुनं झालं. ही क्रियापदं शोभेसाठी लावलेली नाहीत. माणसांनी अंगाने काय केलं, कुठे केलं आणि झळ कोणाला बसली, हे बहुतेक वेळा नाम सांगत नाही, क्रियापद सांगतं. 'प्रोटेस्ट करणे' म्हटलं की नेमकं तेवढंच गळून पडतं.

मोर्चाचंच घ्या. हा फारसीतून आलेला लष्करी शब्द. किल्ल्याला वेढा घालताना मोर्चे लावत, बांधत. 'मोर्चेबांधणी' अजून निवडणुकीच्या बातम्यांत तो काळ धरून आहे. तेव्हाचा मोर्चा एका जागी खिळलेला. त्याला 'काढणे' आणि 'नेणे' ही क्रियापदं चिकटली आणि तो चालू लागला, तहसीलवर, कलेक्टर कचेरीवर. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी मुंबईला पायी गेले. लाँग मार्च हे नाव परकं होतं, पण मराठीने तोही 'काढला'. संपाची गोष्ट याहून बोलकी आहे. शहाद्याजवळच्या लोणखेड्यापासून गुजरातची हद्द फार दूर नाही, आणि गुजरातीत संप म्हणजे आजही एकी. मराठीतही त्याचा जुना अर्थ जूट असाच. काम बंद ठेवण्याचा अर्थ पुढे मुख्य झाला, तरी क्रियापद जुनं ते विसरलं नाही: संप 'फुटतो'. बंद ठेवलेलं काम कसं फुटेल? फुटते ती एकी. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. त्यामुळे तो फुटला, संपला की विरला, हे ठरवताना आजही लिहिणाऱ्याची बाजू कळते.

शहाद्याचा इतिहास तर बराचसा क्रियापदांतच सांगावा लागतो. ३० जानेवारी १९७२ ला इथे भू-मुक्ती मेळावा झाला. मेळावा 'भरतो', बाजार भरतो तसा. अंबरसिंग महाराज आणि त्यांच्याभोवतीचे भिल्ल कार्यकर्ते, त्याच वर्षी उभी राहिलेली श्रमिक संघटना, हातातून गेलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी, हे सगळं त्या भरण्यात होतं. पुढे याच पट्ट्यातल्या आदिवासी बायकांनी दारूच्या भट्ट्यांवर जाऊन मडकी फोडली. 'महिलांनी दारूविरोधात प्रोटेस्ट केला' असं लिहिलं तर वाक्य खोटं ठरणार नाही. पण मडकं फुटल्याचा आवाज त्यात नाही, आणि घरी दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याशी त्या रात्री कोणाची गाठ पडणार होती, तेही नाही. मणिबेलीत तर क्रियापद नकारार्थी झालं. अक्कलकुवा तालुक्यातलं, सरदार सरोवरात महाराष्ट्रातून पहिल्यांदा बुडणारं हे गाव. १९९० नंतरच्या पावसाळ्यांत तिथला सत्याग्रह म्हणजे पाणी चढत असताना घर न सोडणं. काहीच न करणं हीच कृती होती, तिला 'प्रोटेस्ट केला' कसं म्हणणार?

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मोर्चा फारसी चालतो, मग इंग्रजी प्रोटेस्टनेच काय घोडं मारलंय? काहीच नाही. उलट एका जागी हा शब्द अगदी आपला झाला आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे रक्कम अपुरी आहे अशी हरकत राखून, म्हणजे 'अंडर प्रोटेस्ट', ती घेता येत असे. तसं न म्हणता घेतली, तर कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाकडे जायचा हक्कच जाई. तेव्हा 'पैसे उचलले' आणि 'अंडर प्रोटेस्ट उचलले' यांत शेतकऱ्याच्या हक्काचं अंतर होतं. इथे प्रोटेस्टला 'उचलणे' हे खणखणीत क्रियापद भेटलं, कारण व्यवहाराला त्याची गरज होती. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: निदर्शनेही 'करतात', सत्याग्रहही 'करतात', मग 'करणे' वाईट कसं? वाईट नाहीच. त्या नामांच्या पोटात कृती आधीच आहे, दाखवणं आहे, आग्रह धरणं आहे. प्रोटेस्टचं पोट मराठी कानाला रिकामं लागतं. आणि सगळ्यांना पोटात घेणारा एकच शब्द हवा असेल, तर आंदोलन आहेच. ते छेडतात, उभारतात, ते चिघळतं, आणि वेळ आली की चिरडतातही.

तिसरा प्रश्न मी स्वतःलाच विचारतो. ही क्रियापदं प्रमाण मराठीची. लोणखेड्याच्या आसपास घरात गुजरी, अहिराणी, भिली बोलणाऱ्यांना मोर्चा 'काढणे' तरी कुठे घरचं? हे खरंच आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढं मात्र दिसतं की कचेरीच्या दारात अडकवायला किंवा सोडवायला प्रमाण मराठीतलं क्रियापदच उपयोगी पडतं. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने २००४ मध्ये शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले. बंद 'पाळणारे' दुकानदार त्यात नव्हते. भरावे लागले 'पुकारणाऱ्यां'ना.

'निषेध नोंदवणे' हे आपलं सगळ्यात सभ्य क्रियापद. निषेध म्हणजे मुळात मनाई, अधिकार असलेल्याने करायची. अधिकार नसलेल्यांच्या हाती आल्यावर ती नुसती नोंदवायची गोष्ट झाली. आणि नोंद होते ती दुसऱ्याच्या वहीत. मोर्चा तहसीलवर पोचतो, पाच जण आत जातात, निवेदन देतात, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतात. कारकून आवक वही उघडून क्रमांक, तारीख, कोणाकडून आणि विषय लिहितो. काढला, नेला, धडकला की बसला, यासाठी त्या वहीत रकाना नाही.