हाती काम, मुखी गाणे

घरातील कामे कधी संपत नाहीत. आज धुतलेले कपडे उद्या पुन्हा मळतात, सकाळी घासलेली भांडी दुपारी पुन्हा खरकटी होतात आणि झाडून लख्ख केलेल्या अंगणात वारा पुन्हा पाचोळा आणून टाकतो. शेतकऱ्याला सुगीच्या दिवसांत आपल्या श्रमाचे फळ धान्याच्या राशीत दिसते. कुंभाराला आपण घडविलेले मडके हातात घेऊन पाहता येते. घरकाम करणाऱ्याच्या वाट्याला असे काही येत नाही. काम चोख झाले, तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. राहिले, तर मात्र ते सर्वांच्या ध्यानात येते. असे हे काम आपल्या घरांतील स्त्रियांनी पिढ्यानुपिढ्या कशाच्या बळावर केले असेल? माझ्या मते त्या बळाचा मोठा वाटा गाण्याचा आहे.

घरकामाचा एक विशेष असा, की त्यात हात गुंततात, पण मन मोकळे राहते. गणित सोडविताना मन दुसरीकडे गेले, तर उत्तर चुकते. धुणे पिळताना किंवा भाकरीचे पीठ मळताना तसे होत नाही. सवयीने हात आपले काम बिनचूक करीत राहतात. मग या मोकळ्या मनाने जावे कोठे? ते कंटाळ्याकडे जाऊ शकते, चिंतेकडे जाऊ शकते, किंवा गाण्याकडे जाऊ शकते. ज्यांनी तिसरी वाट धरली, त्यांनी काम हलके केले. आणि आपल्या भाषेलाही फार मोठे धन दिले.

या धनाची खाण म्हणजे जाते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या चिखली-मेहकराकडे जा, की घाटाखालच्या मलकापूर-शेगावकडे जा. ज्वारीची भाकरी हेच येथील घराघरांतील पूर्वीचे मुख्य अन्न. पिठाची गिरणी नव्हती, तोवर त्या भाकरीसाठी पहाटे उठून दळावे लागे. जात्याच्या दोन तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीतील खुंटा धरून ती फिरवावयाची आणि तिच्या मुखात मुठीमुठीने दाणे घालावयाचे. घरभर माणसे झोपलेली, बाहेर अंधार, आणि तासन्‌तास ती घरघर. अशा वेळी दळणारणीच्या तोंडून ओवी निघे. जात्याच्या फेऱ्याबरोबर तिचे चरण फिरत. समोरासमोर बसून दोघी एकच खुंटा ओढीत असल्या, तर एकीने ओवी म्हणावी आणि दुसरीने सूर धरावा, असेही चाले. जड दगडाला लय मिळाली, की तो थोडा हलका वाटू लागतो.

परंतु ओवीने केवळ श्रम हलके केले, असे म्हणणे अपुरे होईल. त्या काळी पुष्कळ घरांत सुनेने मोठ्याने बोलू नये, असा दंडक असे. आपले दुःख ती कोणाला सांगणार? ते तिने जात्याला सांगितले. माहेरची ओढ, भावाची वाट पाहणे, लेकराचे कौतुक, सासरचा जाच, पावसाची आस, पंढरीचा विठ्ठल आणि वनवासातील सीता, हे सारे ओव्यांत आले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या कृतज्ञतेच्या ओव्याही स्त्रियांनी जात्यावर गाइल्या. जिला दिवसा बोलता येत नसे, ती पहाटे गाऊन बोलत असे. आणि ‘ओवीच तर आहे’ म्हणून तिला कोणी अडवीत नसे. म्हणून मी ओवीला स्त्रीच्या मनाचे मोकळे अंगण म्हणतो.

दळणकांडणाला आपल्या संतपरंपरेनेही कमी लेखले नाही. संत नामदेवांच्या घरी राहणाऱ्या जनाबाईंच्या अभंगांत दळण आहे, कांडण आहे. जनाबाईंना दळू लागण्यासाठी स्वतः विठ्ठल येई, अशी कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. अलीकडच्या काळातील बहिणाबाई चौधरी तर आपल्या शेजारच्याच. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यातील आसोदे हे त्यांचे माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घर आणि शेत यांतील कामे करता करता त्यांनी गाणी रचली. ती इतरांनी लिहून घेतली, म्हणून उरली. 1951 साली त्या वारल्या आणि 1952 साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. ते वाचून मोठमोठे साहित्यिक थक्क झाले. एवढी मोठी कविता चुलीपाशी आणि शेतात जन्माला आली होती!

पुढे खेडोपाडी पिठाच्या गिरण्या आल्या. जाते कोपऱ्यात गेले आणि ओवीही हळूहळू मुकी झाली. याचे काही जणांना इतके वाईट वाटते, की जुने दिवसच चांगले होते, असे ते म्हणू लागतात. मला हे म्हणणे पटत नाही. ओवी गोड होती, पण जात्याचा दगड गोड नव्हता. पहाटेची झोप मोडून हाताला घट्टे पाडून घेण्यात कसले आले सुख? गिरणीने स्त्रियांच्या डोक्यावरचे एक मोठे ओझे उतरविले. आज काही घरांत कपडे धुण्याचे यंत्र आले आहे, तेही स्वागतार्हच होय. कष्ट जावेत, मात्र कष्टांबरोबर गळ्यातील गाणेही जावे, असा काही नियम नाही.

गाणे पूर्णपणे गेले, असे तरी कसे म्हणावे? ते नव्या वाटेने घरात आले. 1948 साली नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. 1957 साली विविध भारतीचे कार्यक्रम सुरू झाले. 1955-56 मध्ये पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत याप्रमाणे वर्षभर चालले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत लाभलेली ती 56 गीते अनेक मराठी घरांनी कान देऊन ऐकली. पुढे स्वयंपाकघरातील फळीवर रेडिओ आला आणि आता तर मोबाईलवर हवे ते गाणे हवे तेव्हा लागते. लता मंगेशकरांचा स्वर ऐकत भांडी घासणे हे सुखच आहे, त्यात शंका नाही. तरीही ऐकणे आणि गाणे यांत एक अंतर आहे, ते आपण विसरू नये.

हे अंतर परदेशांतील दोन उदाहरणांवरून चांगले कळेल. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर हातमागावर विणलेले लोकरी कापड दाट व्हावे, म्हणून ते ओले करून बडवावे लागे. बायका लांबट फळीभोवती बसत, ते ओले कापड फळीवर आपटीत आणि एकमेकींकडे सरकवीत. एक जण गाण्याची ओळ म्हणे, बाकीच्या धृपद धरीत. त्या गाण्यांत त्यांची स्वतःची सुखदुःखे असत. आपल्या ओवीचीच ही दूरची बहीण! दुसरे उदाहरण इंग्लंडचे. दुसरे महायुद्ध चालू असता 1940 साली तेथील नभोवाणीने कारखान्यांतील कामगारांसाठी खास संगीताचा कार्यक्रम सुरू केला. कामगारांचा शीण जावा आणि माल अधिक निघावा, हा त्याचा हेतू. कामगारांना तो आवडत असे. परंतु कोणते गाणे लावावयाचे, हे दुसराच कोणी ठरवी. पहिल्या उदाहरणात गाणे काम करणाऱ्याच्या मनातून निघाले. दुसऱ्यात ते बाहेरून त्याच्या कानांवर आले. दोन्ही गाणी श्रम हलके करतात, पण मनातले सांगण्याची सोय पहिल्यातच असते.

म्हणून मला विचाराल, तर घरकामाच्या वेळी सर्वांत चांगले संगीत कोणते? जे आपल्याच गळ्यातून निघते ते. आणि प्रत्येक कामाला त्याचे त्याचे गाणे शोभते. दगडावर धुणे आपटताना ठेक्याचे गाणे हवे; शेगावहून पंढरपूरला पायी निघणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीबरोबर टाळ-मृदंगाच्या तालावर चालणारे अभंग त्याला फार चांगले जुळतात. झाडताना संथ चाल बरी. घाईने झाडले, की धूळ नुसती उडते! कपडे वाळत घालताना, डाळ-तांदूळ निवडताना, लांब स्वरांचे एखादे भावगीत किंवा पाळणा म्हणावा. आणि भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्याकडे मुली टिपऱ्या घेऊन भुलाबाईची गाणी म्हणतात. ती तर भांडी घासतानाही गंमत आणतात. एकीने भांडे घासावे, दुसरीने विसळावे, आणि एकेक ओळ वाटून घ्यावी. भांडी केव्हा संपली, हे कळतही नाही.

कोणी म्हणेल, “माझा आवाज चांगला नाही.” दळणाऱ्या बायकांचा आवाज कोणी पारखून पाहिला होता काय? मैफलीतील गाणे श्रोत्यांसाठी असते. कामातील गाणे काम करणाऱ्यासाठी असते. ते थोडे बेसूर झाले, तरी कपडे काही मळके राहत नाहीत. रेडिओ किंवा मोबाईल लावावयाचा, तर तो अवश्य लावावा. फक्त आवाज इतका बेताचा असावा, की दाराशी आलेल्या माणसाची हाक ऐकू येईल आणि शेजारच्या आजारी माणसाची झोप मोडणार नाही.

येथे मला मुलांना उद्देशून एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. घरकामाची गाणी बहुतेक सर्व स्त्रियांची आहेत, कारण ते काम बहुतेक सर्व त्यांच्यावर टाकले गेले होते. आई ओव्या गात दळते, म्हणून तिला श्रम होतच नाहीत, असे पुष्कळांनी समजून घेतले. गाण्याचे कौतुक करावे आणि कामाला हात लावू नये, हा न्याय नव्हे. साक्षात विठ्ठलाने जनाबाईंच्या जात्याला हात लावला, अशी कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. मग आपला स्वतःचा सदरा धुण्यात, ताट घासण्यात, अंगण झाडण्यात कोणत्याही मुलाला कमीपणा का वाटावा? दोघांनी ओढले, की जातेही हलके फिरते. घरातील कामे सर्वांनी वाटून घेतली, तर ती लवकर उरकतील आणि गाणेही सर्वांचे होईल.

आणखी एक काम मात्र आजच करण्यासारखे आहे. साने गुरुजींनी ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह सिद्ध केला. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून हे कार्य हाती घेतले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. एक लाख! आणि यांतील एकही ओवी एखाद्या पंडिताने आसनावर बसून लिहिलेली नव्हे. तरी जितक्या मिळाल्या, त्यांहून किती तरी अधिक ओव्या अजून वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात असतील. त्या स्त्रिया आता थकल्या आहेत. एक आजी गेली, की तिच्याबरोबर तिच्या साऱ्या ओव्या जातात. आणि त्या पुन्हा कोठल्याही बाजारात मिळत नाहीत.

तुमच्या घरी किंवा गल्लीत अशी एखादी आजी असेल. तिच्याजवळ जाऊन बसा. “आजी, दळताना तू काय म्हणत होतीस?” असे तिला विचारा. पहिल्याने ती हसेल, “आता काही आठवत नाही,” असे म्हणेल. तेव्हा तिच्यासमोर डाळीचे सूप ठेवा आणि तिच्याबरोबर निवडू लागा. हात चालू लागले, की ओठही हलू लागतील. ती जे म्हणेल, ते तिच्याच बोलीत, एकही शब्द न बदलता वहीत लिहून घ्या, आणि खाली तिचे व तिच्या गावाचे नाव लिहा. मग त्यांतील एक ओवी पाठ करा आणि उद्या आपले कपडे आपण धुताना ती मोठ्याने म्हणा.