उन्हाला युरियाचा उतारा नाही



ऊस तुटून रान मोकळे झाले की घरच्या खाण्यापुरता गहू आपण बहुतेकजण पेरतो. अलीकडे मात्र एकच तक्रार ऐकू येते, "पीक डोळ्यांत भरण्यासारखं होतं, पण दाणा बारीक पडला." लगेच शेजारी सांगतो, "आणखी एक पोतं युरिया टाकायचा होतास!" हा सल्ला आम्हांस मान्य नाही.

गहू हे थंडीचे पीक. दाणा भरायला त्याला गारवाही लागतो आणि सवडही. ऊन लवकर तापले की पीक घाईने पिकते, दाणा पोसण्याआधीच वाळतो. २०२२ चा मार्च महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशात सर्वांत उष्ण ठरला. पंजाब-हरियाणात गव्हाला फटका बसला आणि १३ मे २०२२ रोजी सरकारला निर्यात थांबवावी लागली. तिकडे युरियाची काय वाण होती? तरी दाणा भरला नाहीच.

वेळेवर पेरलेल्या बागायत गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे. एकरी ४८ किलो. सगळे युरियातून दिले तरी ४५ किलोची सव्वादोन पोती झाली. निम्मे पेरताना, निम्मे तीन आठवड्यांनी. ओंबी बाहेर पडल्यावर ओतलेला युरिया दाणा वाढवीत नाही. तो काही पाण्याबरोबर खाली जातो, काही वायू होऊन उडतो. त्यातला नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो. म्हणजे उन्हावर उपाय म्हणून टाकलेले पोते पुढच्या उन्हातच भर घालते. पैसे आपले, ताप आपल्यालाच!

खरा उपाय तारखेत आहे. १५ नोव्हेंबरनंतर पेरणी लांबेल तसा उतारा घटत जातो. उशीर झालाच तर निफाड-३४ सारखे उशिराचे वाण घ्यावे, नत्र वाढवू नये, कमीच करावे, आणि दाणे भरताना पाण्याची पाळी चुकवू नये. १५ डिसेंबरही उलटला तर गव्हाचा हट्ट सोडावा.

पण सगळा भार सभासदावर टाकून चालणार नाही. तोड महिनाभर लांबली की उसाचे वजन घटतेच, मागचा गहूही उन्हात सापडतो. शेती खात्याने तोडीची तारीख आधी सांगावी आणि ती पाळावी. सभासदाने युरियाचे पोते आवरावे, कारखान्याने तोडीचे वेळापत्रक. ऊन आपल्या हातात नाही, एवढे तरी आहे.