रुंद दृष्टीचें भिंग आणि महाडचें माजघर

पोलादपूर येथील एका वाचक भगिनींचें पत्र फाल्गुनांत आमच्या हातीं आलें. त्या लिहितात कीं, महाड येथील त्यांच्या सासऱ्यांचें जुनें घर पावसाळ्यापूर्वीं उतरवावयाचें ठरलें आहे. २०२१ सालच्या जुलैच्या २२ तारखेस सावित्री व गांधारी या नद्यांचें पाणी महाड शहरांत शिरलें आणि त्याच दिवशीं तळीये येथें दरड कोसळून कुटुंबेंच्या कुटुंबें नाहींशीं झालीं. त्या अनर्थापुढें आपली हानि ती काय, असें बाई स्वतःच म्हणतात. तथापि त्या पुरांत घरांतील फोटोंची पेटी चिखलांत गेली, आणि दोन पिढ्यांच्या लग्नमुंजींचें एकही चित्र शिल्लक राहिलें नाहीं. आतां घरही जाणार. तेव्हां सासूबाईंची इच्छा अशी कीं, निदान घराचीं तरी चित्रें घेऊन ठेवावींत. चिरंजीवांपाशीं डिजिटल कॅमेरा आहे, पण त्यांत माजघर मावत नाहीं. ते म्हणतात, वाइड अँगल लेन्स हवी. यजमान म्हणतात, चार खोल्यांच्या फोटोंसाठीं घरखर्चाला कात्री कोण लावील? "दोघांचेंही म्हणणें खरें वाटतें, आपण काय सांगतां?" असा बाईंचा प्रश्न आहे.

प्रश्न एका घरचा असला तरी हौस आणि ऐपत यांचा हा तंटा बहुतेक घरांतून चालू असतो. म्हणून त्याचा विचार येथें थोडा विस्तारानें करीत आहों.

माजघर मावत नाहीं याचें कारण प्रथम पाहूं. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यांत चित्राची चौकट ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असे. मध्यम किंमतीच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं जो सेन्सर असतो तो याहून लहान असतो. निकॉनचा सुमारें २३.५ मिलिमीटर रुंद, तर कॅननचा सुमारें २२.३. भिंग पूर्वींइतकेंच चित्र पाडतें, परंतु लहान सेन्सर त्यांतला मधलाच भाग उचलतो आणि कडा वायां जातात. यालाच क्रॉप सेन्सर म्हणतात. म्हणून अशा कॅमेऱ्याबरोबर मिळणारें १८ ते ५५ मिलिमीटरचें भिंग रुंद बाजूस फिल्मच्या काळच्या २७ ते २९ मिलिमीटरच्या भिंगाइतकेंच पाहतें. अंगणासाठीं तें पुरतें. चार भिंतींच्या आंत पुरत नाहीं.

किती रुंद भिंग लागेल हें दुकानदारास विचारण्याचें कारण नाहीं. साध्या त्रैराशिकानें तें काढतां येतें. सेन्सरच्या रुंदीला भिंगाच्या मिलिमीटरांनीं भागावें आणि समोरच्या भिंतीपर्यंतच्या अंतरानें गुणावें, म्हणजे किती रुंद भिंत चित्रांत येईल तें निघतें. बाईंच्या पत्रांत माजघराची रुंदी १६ फूट दिली आहे, आणि पाठ दाराला टेकून उभें राहिलें असतां समोरची भिंत ११ फुटांवर येते. कॅमेरा निकॉनचा आहे. १८ मिलिमीटरनें १४ फुटांहून थोडी अधिक भिंत येईल. म्हणजे दोन्हीं बाजूंस मिळून दीड फूट भिंत बाहेर राहिली. १६ मिलिमीटरनें भिंत नेमकी बसेल. १२ मिलिमीटरनें साडेएकवीस फुटांची जागा येईल, म्हणजे बाजूच्या भिंतींचाही थोडा भाग दिसेल. १० मिलिमीटरनें जवळजवळ २६ फूट! गरज किती आणि हौस किती, हें कागदावर असें स्पष्ट दिसतें.

तरीही कागदावरच्या हिशोबावर विसंबून सल्ला देणें आम्हांस बरें वाटेना. एका स्नेह्यांकडून १० ते २० मिलिमीटरचें भिंग उसनें घेऊन आम्ही चैत्रांत महाडास गेलों. ओटी, पडवी, माजघर, देवघर, मागचें परसूं असें तें सरळ कोंकणी घर. भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसत होती. चिरंजीवांनीं उत्साहानें १० मिलिमीटर लावून माजघराचें चित्र घेतलें आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आजींस दाखविलें. आजींनीं चष्मा सावरून तें बराच वेळ पाहिलें आणि म्हणाल्या, "हें आपलें माजघर नव्हे रे. एवढें मोठें असतें तर पंगत दोनदां कां बसवावी लागली असती?"

आजींनीं एका वाक्यांत जें सांगितलें तें पुस्तकांतून पानेंच्या पानें खर्चून सांगितलेलें असतें. फार रुंद भिंगानें जवळची वस्तु मोठी व दूरची लहान दिसून खोली आहे त्याहून खोल भासते. कडेला उभ्या राहिलेल्या माणसाचें तोंडही ताणल्यासारखें दिसतें. मग तेंच भिंग १४ मिलिमीटरवर आणून, कॅमेरा तिवईवर ठेवून व तो वर किंवा खालीं न झुकवितां सरळ धरून दुसरें चित्र घेतलें. कॅमेरा वर झुकविला तर खांब माथ्याशीं एकमेकांकडे कलतात, हें नवशिक्यांनीं ध्यानांत ठेवावें. तें चित्र पाहून आजी कांहीं बोलल्या नाहींत. पदरानें डोळे टिपून त्यांनीं सुनेला देवघरांत समई लावावयास सांगितलें, म्हणजे त्याचेंही चित्र घेतां यावें. आम्हीं निकाल काय झाला तें ओळखलें.

नंतर आम्ही उसनें भिंग काढून चिरंजीवांचें जुनेंच १८ ते ५५ चढविलें. तिवई न हलवितां डावीकडून उजवीकडे थोडें थोडें फिरवून तीन चित्रें घेतलीं. प्रत्येक चित्रांत आधींच्या चित्राचा तिसरा हिस्सा तरी पुन्हां यावा असें पाहिलें. रात्रीं तीं संगणकावर एकत्र जोडलीं. या कामासाठीं ह्युजिन नांवाची प्रणाली फुकट मिळते. रिकाम्या माजघराचें चित्र असें निर्दोष आलें, आणि त्याला एक पैही लागली नाहीं. सगळें कुटुंब बसवून घेतलेल्या चित्रांत मात्र एका नातवाला दोन डोकीं आलीं, कारण तो मध्यें हलला! तात्पर्य, भिंती, खांब, देव्हारा यांसाठीं जोडचित्र पुरतें. माणसांसाठीं एका क्षणांत सारें टिपणारें भिंगच पाहिजे.

म्हणून आमचें मत असें. एका प्रसंगापुरतें काम असेल तर भिंग उसनें घ्यावें, अथवा पुण्यामुंबईंत दिवसाच्या भाड्यानें मिळतें तें आणावें. वर्षभर वापर होईल अशी खात्री असेल तरच विकत घ्यावें. आणि घेतांना आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीनेंच काढलेलें स्वस्त भिंग प्रथम पाहावें. कॅननचें १० ते १८ मिलिमीटरचें भिंग २०१४ सालीं आणि निकॉनचें १० ते २० मिलिमीटरचें २०१७ सालीं निघालें. दोहोंची किंमत निघालीं तेव्हां अमेरिकेंत ३०० डॉलरांच्या आसपास होती. दोन्ही वजनानें पाव किलोच्या आंत आहेत, आणि दोहोंतही हाताचा कंप सावरणारी योजना आहे. टोकिनाचें ११ ते १६ मिलिमीटरचें एफ २.८ चें भिंग अधिक प्रकाश घेतें. परंतु तें जड आहे, आणि तो अधिक प्रकाश रात्रींचें तारांगण टिपणाऱ्यास उपयोगी. स्थिर घराचें चित्र तिवईवरून घेणाऱ्यानें त्यासाठीं जास्त पैसे कां मोजावे?

एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. निकॉनचें वर सांगितलेलें १० ते २० चें भिंग डी ९०, डी ३१००, डी ५१०० अशा जुन्या कॅमेऱ्यांवर चालत नाहीं. उलट टोकिनाच्या भिंगाच्या निकॉनसाठीं काढलेल्या पहिल्या आवृत्तींत मोटर नाहीं, म्हणून डी ३१०० किंवा डी ५१०० सारख्या कॅमेऱ्यावर दृष्टि हातानें जुळवावी लागते. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर हीं भिंगें लावण्यास जोडणीचा वेगळा तुकडा लागतो; त्याची किंमत हिशोबांत धरावी. आपला कॅमेरा बरोबर नेऊन, भिंग त्यावर चढवून पाहिल्याशिवाय पैसे देऊं नयेत.

वापरलेलें भिंग घेण्यांत कमीपणा नाहीं. पण आपल्या दमट कोंकणांत भिंगांवर बुरशी फार लवकर चढते. भिंगांतून मोबाइलची बत्ती आरपार पाडून पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतु दिसले तर तें भिंग कितीही स्वस्त असो, घेऊं नये. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवून त्याचें समोरून चित्र घ्यावें. चारी कोपऱ्यांतलीं अक्षरें सारखीं स्पष्ट आलीं पाहिजेत, एकच कोपरा पुसट असेल तर भिंग वांकडें बसलें आहे असें समजावें. घरीं आणल्यावर तें झांकणबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें. कपड्यांच्या कपाटांत ठेवणें म्हणजे बुरशीला आमंत्रणच.

चिरंजीवांनीं निघतांना विचारलें कीं, हें भिंग रायगडावर कामास येईल ना? येईल, पण सर्वत्र नाहीं. जगदीश्वराच्या देवळाच्या आवारांत, गांधारपाल्याच्या लेण्यांत, शिवथरघळींत, जेथें मागें सरावयास जागा नाहीं तेथें तें अमोल आहे. ज्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं पाण्याच्या हक्कासाठीं सत्याग्रह केला, तें सबंध तळें एका काठावरून तेंच भिंग टिपूं शकतें. परंतु रायगडावरून दिसणारे राजगड आणि तोरणा त्यांत मोहरीएवढे होतील. आंबेनळी घाटांतील डोंगरांच्या रांगाही तशाच. तेथें जुन्या भिंगाचें ५५ मिलिमीटरचें टोकच बरें. रुंद पाहणें म्हणजे नेहमींच अधिक पाहणें नव्हे.

यजमानांस आणि चिरंजीवांस आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, यंदा भिंगाचे पैसे खर्चूं नका; त्यांतले थोडे चित्रांच्या छापील प्रतींवर खर्च करा. प्रत्येक भावाच्या घरीं एक संच द्या, एक संच पोलादपुरास माळ्यावर ठेवा, आणि मूळ चित्रें दोन निरनिराळ्या गांवीं दोन तबकड्यांवर जपा. पेटी एकच होती म्हणूनच ती सबंध गेली. दोघांनाही तें पटलें.

वैशाखांत घर उतरलें. बाईंचें दुसरें पत्र नुकतेंच आलें आहे. माजघराचें चित्र चौकटींत बसवून आजींच्या खाटेसमोर लावलें आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या कोणत्या खांबापाशीं कोण बसत असे तें सांगतात. चिरंजीवांनीं शेवटीं आपल्या हातानें एक ओळ जोडली आहे : भिंगासाठीं महिन्याला थोडे पैसे बाजूस टाकीत आहें. तो अवश्य टाको. ज्यांचीं जुनीं घरें अजून उभीं आहेत त्या आमच्या वाचकांनीं मात्र भिंगाची वाट पाहूं नये. जो कॅमेरा घरांत असेल तो घेऊन याच रविवारीं माजघरांत उभें राहावें.