आपले वांद्रे स्थानक

ऐतिहासिक वास्तू म्हटली की आपल्याला रायगड आठवतो, अजिंठा आठवतो. आपण रोज लोकल पकडतो ते वांद्रे स्थानक काही आठवत नाही. वास्तविक त्याचाही इतिहास आहे. १८४५ साली लेडी जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून माहीमचा कॉजवे झाला. १८६४ साली बी. बी. अँड सी. आय. कंपनीचा लोहमार्ग ग्रँट रोडपर्यंत पोहोचला, १८६७ साली विरारची उपनगरी गाडी सुरू झाली आणि १८८८ साली उतरत्या छपरांची ही इमारत उभी राहिली. कोळीवाड्यांचे, भातशेतीचे वांद्रे उपनगर झाले ते बव्हंशी या रुळांमुळेच.

कोणी म्हणेल, चेंगराचेंगरीत जीव मुठीत धरून चालणाऱ्याला छपराचे काय कौतुक? आक्षेप रास्त आहे. रुंद पूल, मोकळे फलाट हवेतच. पण त्यासाठी जुने पाडलेच पाहिजे असे थोडेच आहे? २००४ साली जागतिक वारसा ठरलेल्या बोरीबंदरच्या स्थानकातून आजही लाखो प्रवासी ये-जा करतात. उलट १९३० च्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद झाले. आता तेथे बधवार पार्क ही रेल्वे वसाहत आहे, आणि येथे कधी गाडी येत होती हे सांगूनही पटत नाही.

वांद्र्याचे तसे होऊ नये. इतिहासाच्या प्राध्यापकांना विनंती, की यंदा किल्ल्याच्या सहलीबरोबर एक दुपार या स्थानकालाही द्यावी. विद्यार्थ्यांनी त्याची चित्रे काढावीत, टिपणे करावीत. उद्या दुरुस्तीचा प्रश्न निघाला, तर काय राखायचे हे निदान आपल्याला सांगता येईल.