आधी वही दाखव, मग बाकी माग

होळीच्या पुढे-मागे ऊसतोडीची माणसं घरी येतात, आणि मागोमाग मुकादम येतो. "तुझ्याकडे उचलीची बाकी निघते. पैसे दे, नाहीतर पुढच्या सालीही कोयता घेऊन चल." मग कोणी बकऱ्या विकतो, कोणी कोऱ्या कागदावर अंगठा देतो.

जुनी माणसं म्हणतात, घेतलं ते फेडावं. खरं आहे. पण किती घेतलं, किती टन तोडला, भाव काय लावला? वही त्याचीच, आकडाही त्याचाच. नवरा-बायको दोघं राबली, तरी धरला एकच कोयता. असल्या हिशोबाची बाकी आपण का मानायची?

शहादा-तळोद्याचे सालदार १९७० नंतर अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेबरोबर उभे राहिले ते अशाच जुलमाविरुद्ध. १९७६ चा वेठबिगारी कायदा सांगतो: उचलीपायी नाममात्र मजुरीवर राबवलं, किंवा दुसरीकडे कामाला जाऊ दिलं नाही, तर ते कर्जच रद्द. तरी वसूल केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायचं त्यानेच.

वनहक्काचा पट्टा तर कोणाला देऊच नका. २००६ च्या कायद्याप्रमाणे ती जमीन विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

मुकादम पुष्कळदा आपल्याच पाड्याचा असतो. भांडू नका, पण एकट्याने बोलूही नका. गावसभेत वही घेऊन बोलवा. दमदाटी केली तर प्रांताकडे, जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. खरा हिशोब करणाऱ्याला गावासमोर बसायची भीती कशाची?